नर्मदाबाईंच्या हाताखालचा वाडगा

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी भाताचा वाडगा नाही, आमटीचा तर नाहीच नाही! मी दवाखान्यात हात धुवायला ठेवलेला एनॅमलचा मोठा वाडगा आहे. पांढरं अंग, निळी किनार. आता किनारीचे टवके उडालेत आणि कोंबड्या माझ्यात चोच बुडवून पाणी पितात. पण एके काळी माझा थाट काही औरच होता.

भट्टीत चांगला भाजून निघालो आणि गवतात गुंडाळून आगगाडीने बोईसरला आलो. तिथून बैलगाडीने एका आडगावच्या छोट्या दवाखान्यात. साठ सालानंतरचे ते दिवस. तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं आणि जवळच्या आदिवासी पाड्यावरचे लोक तिकडे खणायला, दगड फोडायला जात. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. एरवी सगळा भार नर्मदाबाईंवर. त्या साताऱ्याकडच्या नर्स. औषधं द्यायला चिंचणीचे बळवंत कंपाउंडर होते.

मला लोखंडी तिवईवर बसवलं, माझ्यात औषधाचं पाणी ओतलं. प्रत्येक रोग्याला तपासलं की बाई माझ्याकडे येत आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धूत. दिवसभर त्यांचे हात माझ्यात! मी तर फुशारून गेलो होतो.

एक दिवस कमळी आली. ती पाड्यावरची, अंगात ताप. बाईंनी तिचा हात हातात घेतला, पोट दाबून पाहिलं आणि सवयीने माझ्याकडे वळल्या. कमळी ताडकन उठली.

"बाय, मला शिवलीस नि लगेच हात धुतेस? बाजारात दुकानदार लांबूनच माल टाकतो, तशी तू पन? आमी एवडी घान हाय काय?"

बाई काही बोलायच्या आत ती निघूनही गेली. पाड्यावर ती गोष्ट पसरायला कितीसा वेळ! दुसऱ्या दिवशी बाकडं रिकामं, तिसऱ्या दिवशीही रिकामं. पोरं तापाने फणफणली तरी आया त्यांना आणीनात.

मग त्यांनी मला तिवईवरून उचललं आणि टेबलाखाली सारलं. "यापुढे यांच्यासमोर हात धुवायचे नाहीत. सगळे गेले की मागे मोरीवर धुऊ," त्या म्हणाल्या.

"बाई, हे काही बरं नव्हे," बळवंत म्हणाले. "एकाचं दुसऱ्याला लागेल. तुम्हाला लागेल."

"माझं मी बघेन हो. माणसं यायला तर हवीत."

आणि माणसं आली, हे मात्र खरं. मला किती राग आला होता म्हणून सांगू! कोळ्याने माझ्यात जाळं विणलं. बळवंतांनी तर एकदा चक्क कांदे ठेवले माझ्यात. कांदे!

पुढे कमळीचा नवरा गोमा लंगडत आला. वीजघराच्या कामावर पहार पायावर पडली होती आणि जखम पिकली होती. दवाखान्यात रबरी हातमोज्यांची एकच जोडी, तीही चिरलेली. त्याच सकाळी भाजी चिरताना विळीने बाईंचं बोट कापलं होतं. त्यांनी उघड्या हातांनीच सगळा पू काढला, पाय बांधला आणि हात फडक्याला पुसून पुढचं लेकरू मांडीवर घेतलं. मी टेबलाखाली ओरडत होतो, "अहो बाई, मी इथे आहे!" पण वाडग्याचं कोण ऐकणार?

दोन दिवसांत त्यांचं बोट टम्म सुजलं, ताप चढला. दंडापर्यंत लाल रेघ गेली. गोमा आणि कमळी पट्टी बदलायला आले, तेव्हा बाकड्यावर रोगी म्हणून नर्मदाबाईच पडल्या होत्या.

"बायला काय झाला?" कमळीने विचारलं.

बळवंतांचा तोल सुटला. "काय झालं? तुझ्या नवऱ्याच्या पायातला पू यांच्या बोटात गेला! तू रुसलीस म्हणून हात धुवायचे सोडले यांनी. आता हात जातो की जीव, देव जाणे!"

कमळी बाकड्यापाशी येऊन बसली. "आमच्यापायी? मंग तवाच सांगायचा ना, बाय!"

"सांगायला हवं होतं गं," बाई कण्हत म्हणाल्या. "तुला शिवले म्हणून धूत नव्हते. तुझा ताप दुसऱ्या लेकराला लागू नये, मला लागू नये, म्हणून धूत होते."

गोमाने लंगडत जाऊन बैलगाडी जुंपली. बोईसरहून आगगाडीने बाईंना पालघरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. कमळी सोबत गेली. इथे दवाखाना ओस पडला आणि मी कांद्यांसकट टेबलाखाली वाट पाहत राहिलो. मित्रांनो, मला तेव्हा फार भीती वाटली.

बाई परत आल्या. हात वाचला, जीव वाचला. पण उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं ते सुजलेलं बोट वरच्या पेरापासून कापावं लागलं.

त्या दिवशी कमळीने मला टेबलाखालून ओढलं, कांदे बळवंतांच्या पुढ्यात ओतले आणि राख लावून मला असं घासलं की निळी किनार पुन्हा चमकली. मग मला तिवईवर ठेवून ती बाईंना बघायला जमलेल्या पाड्यावरच्या सगळ्यांना म्हणाली, "पावना घरी आला का आपन पयला पानी देतो ना? मंग ही बाय आपल्याकरता आलीय. जो येल त्यानं बायच्या हातावर पानी घालायचा. आदी पन नि मागून पन. नाय घातला त माज्याशी गाठ हाय!"

तेव्हापासून तीच रीत पडली. रोग्यासोबत आलेलं माणूस तांब्या उचलायचं, बाईंच्या हातांवर पाणी घालायचं आणि मग स्वतःचेही हात धुवायचं. रुसायचं कुणी नावच काढलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला तपासून डॉक्टर किंवा नर्स हात धुताना दिसले तर वाईट वाटून घेऊ नका रे. तुमचं दुखणं निस्तरता निस्तरता ते त्यांनाही गाठू शकतं. त्यांना हात धुऊ द्या. जमलं तर पाणी घाला.

कमळी घालायची तसं. सगळ्या बोटांवरून तिची धार सरसर जायची. त्या तोकड्या बोटावर धार आली की ती तांब्या जरा थांबवायची आणि तिथे थोडं जास्त पाणी घालायची.