जालन्याचं स्थळ

शिवनारायणजींनी दाराची कडी घातली आणि दाराला पाठ टेकवून ते उभे राहिले. समोर सायरबाई. खांद्याला कापडी पिशवी, पायांत चपला.

"काका, सोडा ना. आष्टीची मोटार निघून जाईल. बापूजी रागावतील."

नवऱ्याला त्या काका म्हणत होत्या, आणि तेही मराठीत. घरात दोघं मारवाडी बोलायचे. मराठी सायरबाई बाहेरच्यांशीच बोलत. म्हणून संध्याकाळी त्यांचं मराठी सुरू झालं, की शिवनारायणजी आधी दाराकडे धाव घ्यायचे.

"सायर, हेच तुझं घर. जालन्यात, मस्तगडला आहेस तू. बापूजी जाऊन जमाना झाला."

ते ऐकताच सायरबाई मटकन खाली बसल्या आणि बापूजी आत्ताच गेल्यासारख्या रडू लागल्या.

गादीवर बसलेल्या तिघांनी हे सगळं पाहिलं. डॉ. प्रियदर्शनी, नर्स शालू आणि समुपदेशक धम्मपाल. एकाच दवाखान्यातले, पण आजवर आपापल्या वेळी येऊन गेलेले. डॉक्टरांनी झोपेची गोळी वाढवली होती. त्या गोळीनं सायरबाईंचा तोल जातो, हे शालूच्या लक्षात आलं होतं. धम्मपालला तर गोळीचं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज तिघं ठरवून एकत्र आले होते, आणि तेही संध्याकाळी.

शालूनं सायरबाईंना जवळ घेतलं, पाणी पाजलं.

"हे रोजचंच," शिवनारायणजी म्हणाले. "आमचा मुलगा नमन म्हणतो, संभाजीनगरला अशा लोकांना सांभाळणारी संस्था आहे, तिथं ठेवू. मीच न्हाई म्हणून राह्यलो. पण आता माझ्याच्यानं होत न्हाई."

"गोळी मी कमी करते," डॉक्टर म्हणाल्या. "पण मग त्यांची बाहेर जाण्याची ओढ वाढेल. धम्मपाल, तुम्हाला काय वाटतं?"

"शेठजी, जाऊ द्या त्यांना."

"कुठं?"

"आष्टीला. म्हणजे गल्लीतून एक चक्कर. त्यांना काही पटवून द्यायचं न्हाई. घरी कोण आहे, काय आहे, तेवढं विचारायचं. आम्ही मागं आहोतच."

"अन् हप्त्यातून दोन दुपारी मी इथं बसत जाईन," शालू म्हणाली. "तेव्हा तुम्ही झोपा, न्हाई तर दोस्तांकडं जा. तुमचे डोळे बघा कसे झालेत."

शिवनारायणजींनी डोळे पुसले.

सायरबाई तेवढ्यात रडणं विसरल्या होत्या. जाणं विसरल्या नव्हत्या. शिवनारायणजींनी कडी काढली.

गल्लीत उन्हं उतरली होती. कोपऱ्यावर कुणी भजी तळत होतं. सायरबाई भराभरा निघाल्या, मग हळूहळू त्यांची चाल शांत झाली. धम्मपाल आणि शालू बरंच अंतर ठेवून मागं येत होते. शिवनारायणजी सायरबाईंच्या बाजूनं चालत होते.

"आष्टीला घरी कोण कोण असतं?" त्यांनी परक्यासारखं विचारलं.

सायरबाईंचा चेहरा उजळला. बापूजी, धाकटा भाऊ, बाजारातलं दुकान, त्या सांगतच सुटल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. काल मला बघायला आल्ते. जालन्याचं स्थळ आहे."

शिवनारायणजी अडखळले.

"मुलगा कसा आहे?"

"तोंडच उघडलं न्हाई त्यानं. नुसता ताटाकडं बघत होता." त्या तोंडावर पदर धरून हसल्या. "पण त्याच्या आईला ठसका लागला, तर सगळ्यांच्या आधी पाणी घेऊन उठला. बापूजी म्हणले, तुझं मन असंल तरच होकार कळवतो."

बापूजींनी तिचं मन विचारलं होतं, हे शिवनारायणजींना माहीतच नव्हतं. त्या काळी मुलीला कोण विचारत होतं? वडिलांनी ठरवलं आणि ती आली, असंच ते आजवर धरून चालले होते.

"मंग? काय सांगणार बापूजींना?"

"हो म्हणावं वाटतंय. पण तुम्ही जालन्याचेच ना, काका? ओळखता का त्याला?"

शिवनारायणजी थांबले. सायरबाई मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट पाहत.

"ओळखतो थोडाफार," ते म्हणाले. "जरा हट्टी आहे. पण मनानं वाईट न्हाई."

"असू द्या हट्टी. मी करते त्याला बराबर."

मागून धम्मपाल झपाझप जवळ आला.

"शेठजी, दमला असाल. परतायचं का?"

"तुम्ही व्हा पुढं, चहा घ्या," शिवनारायणजी म्हणाले. "आमची अजून एक चक्कर आहे."