मयूरीच्या पोटातले खडे

गुरुवारी आमच्या तापीकाठच्या गावात केळीच्या ट्रकांपेक्षा जिपाच जास्त येतात. धडगावपासून म्हसावदपर्यंतची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये खडेबाबासमोर दाटीवाटीने बसतात. बाबा पोराच्या पोटावर पितळी नळी टेकवतो, गाल आत ओढतो आणि ताटात थुंकतो. टण्ण! सुपारीएवढा खडा. ना चिरा, ना रक्त. पुढे महिन्याभराने सोनोग्राफी केली की पित्ताशय स्वच्छ. मशीनसुद्धा बाबाची भक्त!

मी शाळामास्तर, आणि माझ्याही पित्ताशयात खडा आहे. मी सदरा वर केला, तर बाबा म्हणाला, "मास्तर, तुमचा खडा नास्तिक आहे. तो निघायचा नाही."

माझ्या पुतणीचा, मयूरीचा, मात्र निघाला. न्यूमोनियासाठी ती दवाखान्यात होती. बरी होता होता पोटात दुखलं, सोनोग्राफीत खडे दिसले, आणि घरी येताच रंजनावहिनीने तिला बाबापुढे नेलं.

"दवाखान्यात सुया झाल्या ना?" बाबाने आधी एवढंच विचारलं. मग डोळे मिटून गर्जला, "माते, ही जन्मली तेव्हा तू तोंड फिरवलंस! तुझं ते पाप लेकीच्या पोटात खडा होऊन बसलंय!"

दोन मुलींच्या आईला हे सांगायला कसली आलीय दिव्यदृष्टी? पण वहिनी कोसळली. "हां बाबा," ती भरल्या शेडमध्ये म्हणाली, "दुसरी बी पोरगीच व्हयनी म्हनीसन मी रडनू."

पुढची सोनोग्राफी स्वच्छ आली. खडा गेला, म्हणजे बाबा खरा, आणि बाबा खरा म्हणजे पापही खरं. वहिनी एक वेळ जेवू लागली. दर गुरुवारी शेडमध्ये उभी राहून आपलं पाप सांगू लागली. ती बाबाची हुकमी साक्षीदार झाली. मयूरीला तर ती हातही लावेना. पोर जवळ आली की म्हणे, "दूर ऱ्हाय माय, मन्हा हात चांगला नही."

ते मला बघवेना. दोघींना घेऊन मी मयूरीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर यास्मीन यांच्याकडे गेलो. वहिनीने पदराला बांधलेला बाबाचा खडा पुढे ठेवला. डॉक्टरांनी तो चाचपला.

"हा नदीतला गोटा आहे. बाबाच्या गालात आधीच असणार. मयूरीचे खडे औषधाचे होते. न्यूमोनियासाठी आम्ही सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शन देत होतो. ते पित्तातून बाहेर पडतं. काही मुलांच्या पित्तात ते कॅल्शियमला चिकटतं आणि सोनोग्राफीत खड्यासारखं दिसतं. औषध थांबलं की बहुतेकांचं आपोआप विरघळतं. बाबा नसता तरी विरघळलं असतं."

"मंग ते खडा मन्हा रडामुये नही व्हयनात?"

"नाही हो ताई." डॉक्टरांनी मान खाली घातली. "इंजेक्शन गरजेचंच होतं. पण त्याने असे खडे दिसू शकतात, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. वॉर्ड भरलेला होता, राहून गेलं. मी बोलले असते, तर तुम्ही त्याच्या दारात गेलाच नसता."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबा आधी सुयांचं विचारतो ते याचसाठी! दवाखान्यातून आलेली पोरं घ्यायची आणि माझ्यासारख्या पक्क्या खड्याला नास्तिक ठरवायचं. पण वहिनीला हायसं वाटलं नाही.

"भाऊ, मन्ही साक्ष आयकीसन कितल्या आया तठे रडन्यात!"

पुढच्या गुरुवारी शेडमध्ये मोलगीची रूपलीबाई आपल्या चैत्याला मांडीवर घेऊन बसली होती. चैत्याही नुकताच दवाखान्यातून सुया घेऊन आलेला, सोनोग्राफीत खडे दिसलेले. बाबाने वहिनीला साक्षीला बोलावलं. ती उठली ती थेट रूपलीबाईपुढे जाऊन बसली.

"बाई, हाई औषधना खडा शे. आपोआप जाई. नही गया तर डॉक्टरले दखाड, याले नही. मी खोटी साक्ष दिनी, माले माफ कर."

बाबा ओरडला, "पापिणी, वाणी जाईल तुझी!" गाल भरलेले असल्याने शब्द नीट फुटेनात. पुन्हा ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि दोन गोटे ताटाबाहेर पडले. सगळी शेड हसली.

वहिनी हसली नाही. ती रूपलीबाईचा हात धरून तशीच बसून राहिली.

बाबांनो, पोराचा आजार आईच्या पापाने होत नाही. दिलेल्या औषधाने काय काय होऊ शकतं, हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी सांगितलं नाही, तर पुन्हा विचारा. आणि कुणी तुमच्या लेकराच्या दुखण्यात तुमचा गुन्हा शोधू लागला, तर आधी त्याला तोंड उघडून दाखवायला सांगा.