दोन चढते सूर

हाँगकाँगच्या शामशुईपो वस्तीत सातव्या मजल्यावर युक-हिंग सूप ढवळत होती, तेवढ्यात लेकाचा, चिंग-लोकचा फोन आला.

"आई, माझा मित्र येतोय. दार उघडून ठेव."

आवाज त्याचाच, खोकलाही त्याचाच. तरी तिला काहीतरी खटकलं. त्याच्या पिढीची पोरं सुरावरून शब्दाचा अर्थ ठरणाऱ्या कँटनीज भाषेतले दोन्ही चढते सूर एकसारखेच काढतात. त्यावरून वीस वर्षं बोलणी खाऊनही तो सुधारला नव्हता. आज मात्र दोन्ही सूर वेगवेगळे, अगदी स्वच्छ लागत होते.

"मेल्या, इतकं शुद्ध कधीपासून बोलायला लागलास?" तिने उसनं हसून विचारलं.

तोच लाडका आवाज म्हणाला, "दार उघड, आई. तो बाहेरच उभा आहे."

हा आपला चिंग-लोक नव्हे, हे ओळखून तिने दाराची साखळी अडकवली, तोच दाराची मूठ हळूच फिरली.