नागपूरची वाट, हैदराबादचं तिकीट

"बाबा, नागपूर ते दिल्ली इमानाला नेमकी किती मिनिटं लागतात?"

वर्गातल्या सपनानं पैज लावली होती. दीड तास, दीड तास करत गावभर मिरवणाऱ्या तुझ्या बाबाला मिनिटांसकट विचारून दाखव! विज्ञान प्रदर्शनात राज्यात पहिली आल्यापासून हर्षालीची जीभ जरा जास्तच सुटली होती. तिनं विचारलं.

"सांगतलं ना, दीड तास!" लक्ष्मणराव जीपच्या पुढच्या सीटवरून म्हणाले. "तुया आईच्या भाकरी थापून होत नाईत, तेवढ्यात दिल्ली!"

"माया भाकरीले काऊन मधात आणता?" रेणुकाबाई मागून फणकारल्या.

मिनिटं बघायला हर्षालीनं बाबांच्या फोनमधलं तिकीट उघडलं. शाळेनं पाठवून आठ दिवस झाले, कोणी उघडलंच नव्हतं. सुटणार: हैदराबाद, दुपारी अडीच.

तेलंगणातल्या तलमडुगूकडच्या त्यांच्या गावाला मोठा दवाखाना नागपूरचा, लग्नाचा बस्ता नागपूरचा. मग विमान तरी दुसरीकडून कशाला उडेल? कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"उद्धवकाका, गाडी थांबवा!"

पैनगंगेचा पूल ओलांडून उद्धवकाकांनी जीप कडेला घेतली. सकाळचे साडेसहा. हर्षालीनं शाळेतल्या मॅडमना फोन लावला. बाकीच्या मुलांना घेऊन त्या कालच हैदराबादला पोचल्या होत्या. "दीडला काउंटर बंद होतो," त्या म्हणाल्या, "मग कोणाचंच ऐकत नाहीत."

लक्ष्मणराव म्हणाले, "नागपूर तीन तासावर हाय. तिथंच जाऊ. इमान दिल्लीचंच ना? बसवतील कोणत्याबी. तिकीट हाय आपल्यापाशी."

"लक्ष्मणभाऊ, ते काय बसचा पास हाय?" उद्धवकाकांनी डोकं खाजवलं. "हैदराबादचं इमानतळ शहराच्या पार पल्याड. साडेसहा तास धरा. तेबी कुठं थांबलो नाई तर."

"घरी चला," रेणुकाबाई पुटपुटल्या. "निघतानाच माया मनात पाल चुकचुकली होती."

हर्षालीच्या मांडीवर खोकं होतं. कापसातली ओल मोजायचं यंत्र, तिनं तीन महिने खपून केलेलं. उद्या सकाळी दहाला ते दिल्लीच्या प्रदर्शनात मांडायचं होतं, नाहीतर नाव कटणार. साडेसहात साडेसहा मिळवले, एक वाजला. हातात फक्त अर्धा तास. आणि इथं बोलण्यातच पाच मिनिटं गेली!

चारचौघांत बाबांचं बोलणं तिनं कधी खोडलं नव्हतं.

"बाबा, चूक तुमची एकट्याची नाई. मीबी तिकीट नाई उघडलं." तिनं खोकं छातीशी धरलं. "पण आता नागपूर नाई, अन् घरबी नाई. आपण हैदराबादले चाललो. चहाले थांबायचं नाई. वाटेत गुडीहत्नूरले मामाचं घर लागन, तो रस्त्यावर दिसला तरी नुसता हात करायचा. तुमी मले गेटापाशी सोडा, आत मी एकटी जाईन. काका, गाडी फिरवा!"