त्याच्या फोटोंचा अंक

श्रद्धांजलीच्या लेखातला ‘अत्यंत’ तिनं खोडला, मग ‘हळवा’ खोडला. पडद्यावर नुसतं ‘मित्र’ उरलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

“आत येऊ का? संपादक मॅडम इथंच बसतात ना?”

ज्याच्यावर ती लिहीत होती, त्याचे वडील दारात उभे होते. कुणी सांगायची गरज नव्हती. नाक तेच, एका पायावर भार टाकून उभं राहायची तऱ्हाही तीच. मुलाचा लॅपटॉप त्यांनी छातीशी धरला होता.

विद्यापीठातल्या मुलांनी चालवलेलं ते ऑनलाइन कलामासिक ग्रंथालयाच्या जिन्याखालच्या खोलीतून निघायचं. दोन टेबलं, कुरकुरणारा पंखा आणि चार्जरच्या वायरींचा गुंता. कुणाच्याही लेखनाची गय करत नाही म्हणून सगळे तिला कात्री म्हणायचे. फोटो तो काढायचा. दोघांचं जमलं होतं, पण त्याचा कुणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर त्याचा फोटो मुखपृष्ठावर आला की लोकांनी नाकं मुरडली असती. म्हणून तिनं त्याचे फोटो इतरांपेक्षा जास्तच नाकारले.

“घरच्या माणसावर जरा जास्तच धार चालते गं तुझी,” तो म्हणायचा आणि हसायचा.

सुट्टीत तो घरी गेला. तापाचं निमित्त झालं आणि गेलाच. मासिकाच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा सगळ्यांनी लिहिलं तेच तिनंही लिहिलं, फार वाईट झालं. दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती. न येण्याचं कारण तरी काय सांगणार होती?

“यात त्याचे फोटो आहेत,” वडील म्हणाले. “तुम्ही त्याचा अंक काढताय असं कळलं. आम्हाला यातलं काही समजत नाही. तुम्हीच निवडा.”

ते शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसले. ती एकेक फोटो पुढे सरकवू लागली. सायकलचं चाक कानाशी धरून फिरवणारा म्हातारा. गच्चीवरच्या ओल्या चादरी. बसच्या काचेला डोकं टेकून झोपलेली बाई.

“हा छान आलाय,” वडील प्रत्येक फोटोला म्हणत होते.

मग एक वेगळं फोल्डर उघडलं. त्यात सगळीकडे एकच मुलगी होती आणि चेहरा कुठंच नव्हता. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या तिची पाठ. पायरीवर टेकलेले पाय. संत्रं सोलणारे हात, नखं कुरतडून कुरतडून पार आत गेलेली.

“ही कोण?” वडिलांनी विचारलं. “ओळखता का तुम्ही हिला?”

“नाही.”

इतक्या दिवसांची सवय, शब्द आपसूक आला. माउसवरची बोटं तिनं पटकन मुठीत घेतली.

वडिलांनी त्या मुठीकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

“हे नका घेऊ,” ते म्हणाले. “तिनं कुणाला सांगितलं नसेल, तर आपण कशाला सांगायचं? चालेल ना?”

“चालेल.”

त्यानं काढलेले सगळ्यांत चांगले फोटो हेच होते. संपादक म्हणूनसुद्धा तिला ते स्पष्ट दिसत होतं. एकेक करून तिनं ते निवडीतून काढून टाकले.

“त्याच्या आईनं पाहिलेत हे,” वडील म्हणाले. आवाज खाली गेला होता. “रोज विचारते, ही पोर कुठं असेल, कशी असेल. काय सांगू मी तिला?”

जिन्यावरून कुणीतरी हसत खाली उतरलं. पावलं लांब जाईपर्यंत ती थांबली.

“बरी नाहीये म्हणावं.”

वडिलांनी मान हलवली. लॅपटॉप मिटायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला आणि खुर्ची थोडी जवळ ओढली.

“सांगतो,” ते म्हणाले. “तू जेवलीस का आज?”