जनरेटरची अंगाई

मूल झालं म्हणून आपलं आयुष्य बदलणार नाही, हे नवऱ्याने लेक पोटात असतानाच जाहीर केलं होतं. त्यामुळे ती चार महिन्यांची होताच तो तिला मैदानावरच्या रॉक कॉन्सर्टला घेऊन निघाला. बायकोने दुपटी, डायपर, दुधाची बाटली आणि बाळाचे कान झाकायचे जाड हेडफोन असा संसार पिशवीत भरला. नवऱ्यानेही हातभार लावला, म्हणजे कॉलेजातला काळा टी-शर्ट पोटावर कसाबसा ओढून बसवला.

ड्रम वाजले आणि हेडफोन असूनही लेकीने टाहो फोडला.

"पोरीला गाण्याचा कान आहे," नवरा कौतुकाने म्हणाला.

आजूबाजूचे लोक बायकोकडे असे बघत होते, जणू बापाचा या पोरीशी संबंधच नव्हता. तिने शांतपणे लेक त्याच्या हातात दिली. "तुझं आयुष्य बदललेलं नाही ना? मग जरा फिरवून आण हिला."

तो फिरत फिरत पार मागे, जनरेटरपाशी पोचला. त्या घरघरीत लेक गाढ झोपली. तो पाऊल उचलायचा, की तिचे ओठ थरथरायचे. मग बापडा डिझेलच्या वासात खांबासारखा उभा राहिला. इकडे बायकोने एकूण एक गाणं बेंबीच्या देठापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने फोनवर विचारलं, "कसा झाला रे कार्यक्रम?"

"एकदम भारी. काय गिटार वाजवली," तो म्हणाला.

बायकोचा आवाज पार बसला होता, त्यामुळे बिचारीला काहीच दुरुस्ती सुचवता आली नाही.