रविवारच्या डॉक्टरबाई

मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. तुम्ही मला बीपीचं मशीन म्हणाल. अंबाल्याच्या एका कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत पारा भरला, कापडी पट्टा आणि रबरी फुगा जोडला आणि मला जालन्याला पाठवलं. तिथून डॉ. इरम यांनी मला तीर्थपुरीतल्या आपल्या दवाखान्यात आणलं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. बाजाराच्या दिवशी ओसरी भरून जाई. म्हातारी माणसं दंड पुढे करून म्हणत, "मॅडम, बराबर बघा." पारा खाली उतरेपर्यंत मॅडमची नजर हलत नसे. "याच्यावर माझा भरवसा आहे," असं त्या म्हणाल्या की मला फार बरं वाटे.

बाळंतपणात रक्त लागलं की लोकांना जालन्याला धावावं लागे. गावाजवळ रक्ताचा साठा असावा म्हणून मॅडम तहसीलसमोर उपोषणाला बसल्या, मुंबईला जाऊन मंत्र्यांशी भांडल्या. साठा मिळाला. त्यांचं बोलणं ऐकून एका पक्षाने त्यांना लोकसभेचं तिकीट दिलं आणि त्या निवडून आल्या.

दिल्लीला निघताना त्या ओसरीवरच्या लोकांना म्हणाल्या, "दवाखाना बंद होणार नाही. दर रविवारी मी येते."

सुरुवातीला त्या आल्याही. पण त्यांना उर्दूबरोबर अरबीही चांगली येत होती. आखाती देशांचे पाहुणे आले की बैठकीला त्यांना बोलावू लागले. रविवार चुकू लागले. दारावरची त्यांच्या नावाची पाटी मात्र तशीच राहिली. जुन्या मदतनीस उषाबाई येणाऱ्यांना सांगत, "पुढच्या रविवारी येतील."

तृप्ती नावाची एक मुलगी तेव्हा गरोदर होती. दिवस भरत आले होते. तिचं डोकं दुखायला लागलं, पाय सुजले. नवरा नागसेन म्हणाला, "जालन्याला जाऊ." ती म्हणाली, "रविवारी मॅडम हाईत ना. त्यांनाच दाखवू."

रविवारी ती आली. मॅडम आल्या नव्हत्या. उषाबाईंनी माझा पट्टा तिच्या दंडाला बांधला. पारा इतका वर चढला की त्यांचा हात फुग्यावरच थांबला. त्यांनी दिल्लीला फोन लावला. मॅडम बैठकीत होत्या. फोन वाजत राहिला. मग उषाबाईंनी गाडी बोलावली आणि तृप्तीला जालन्याला पाठवलं. वाटेतच तिला झटके आले. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. जालन्याच्या रुग्णालयात तृप्तीच्या खाटेजवळ बसून त्या म्हणाल्या, "मी फोन उचलायला पाहिजे होता. माझी चूक झाली."

तृप्ती म्हणाली, "फोनचं जाऊ द्या, मॅडम. तुम्ही येते म्हणल्त्या म्हणून मी दुसरीकडं गेले न्हाई. येणार न्हाई म्हणल्या असत्या, तर मी आधीच जालन्याला गेले असते."

त्या दिवशी दवाखान्यात येऊन मॅडम माझ्यासमोर बसून राहिल्या. मला हातही लावला नाही.

पुढे त्यांनी खासदारकी सोडून एका आखाती देशात राजदूत म्हणून जायचं ठरलं. निघण्याआधी त्यांनी राजानंद नावाच्या डॉक्टरांना दवाखाना सोपवला, स्वतःच्या नावाची पाटी उतरवली आणि ओसरीवर उभं राहून सांगितलं, "मी आता येणार नाही. माझी वाट बघू नका." काहीजण चिडले. उषाबाईंना रडू आलं.

तिकडे एक कंपनी बुडाली. पगाराविना अडकलेल्या मजुरांना मॅडमनी मायदेशी धाडलं; त्यांत आपल्या जिल्ह्यातली मुलंही होती. उषाबाईंनी ती बातमी मोबाइलवर तृप्तीला दाखवली. तृप्तीने ती पूर्ण बघितली. "चांगलं काम करून राह्यल्या," एवढंच म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

नव्या डॉक्टरांकडे बॅटरीवर चालणारं मशीन आहे. मी कपाटात असतो. मित्रांनो, मला जपा, नळी फुटली तर पारा विषारी असतो, एवढं सांगायचंच होतं. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. मोठ्या कामाला बोलावणं आलं तर जरूर जा. फक्त मागे कुणी तुमच्या भरवशावर बसलं असेल, तर "येते" म्हणून त्याला बसवून ठेवू नका. "येणार नाही" हे ऐकायला वाईट वाटतं, पण ते ऐकलेला माणूस वेळेत दुसरी वाट धरतो.